अकरा वर्षांची राखण

बाबासोला झोप येत नाही ही बातमी चार दिवसांत सगळ्या बिल्डिंगभर झाली आणि शकुबाईला नवऱ्याची लाज वाटू लागली.

दारू पिऊन पडला असता तर तिनं एक वेळ चालवून घेतलं असतं. जुईनगरच्या त्या बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक एक तरी तसा होताच. पण दारात उभा राहिला की खोलीतला उजेड अडवणारा हा त्रेपन्न वर्षांचा गडी, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवर गोण्या वाहणारा माथाडी, आणि तो रात्री अंथरुणात उठून बसतो, छातीत धडधडतंय म्हणतो, पाणी मागतो! एवढ्यावर थांबला असता तरी ठीक. पण जिन्यात जो भेटेल त्याला तो स्वतःहून सांगायचा, "काय डोळ्याला डोळा न्हाय बगा." जसं काही फार मोठं काम करून आला होता.

"लोकांस्नी कशापायी सांगता?" शकुबाईनं विचारलं.

"इचारत्यात म्हनून सांगतो."

"इचारत्यात! डोळं सुजवून फिरल्यावर इचारनारच की."

कोरेगाव तालुक्यातून सतराव्या वर्षी मुंबईला आलेला हा माणूस कुठंही झोपायचा. बाजारात ट्रक मागे घेताना ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेले असायचे आणि हा गोण्यांच्या थप्पीला पाठ लावून घोरत असायचा. मुलगी सुनयना झाली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर झोपला होता. सासरे गेले तेव्हा रात्रभर भजन चाललं होतं, त्यातही एक डुलकी काढून घेतली होती. त्या झोपेचं त्याला कौतुक होतं, चार माणसांत तो ते सांगायचा. आता तीन आठवडे झोप आली नाही तर सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. सुनयना एकोणीस वर्षांची, वाशीला कॉलेजात जायची. ती घरात चवड्यांवर चालायला लागली. टीव्ही बंद झाला. संध्याकाळी फोडणीचा ठसका लागला तरी बाबासो कपाळाला हात लावायचा.

मग लोकांचे सल्ले सुरू झाले. शेजारच्या मालतीबाई, ज्यांचे यजमान बेलापूरच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि ही गोष्ट ज्या दिवसातून एकदा तरी सांगायच्या, त्या दुधात उगाळायला जायफळ घेऊन आल्या. "तळपायांना काशाच्या वाटीनं तूप घासा हो शकुबाई. आमच्या ह्यांना ऑडिट लागलं होतं ना, तेव्हा मी असंच केलं."

शकुबाईनं तूप घासलं नाही. सुनयनानं घासलं. बाबासो पाय पुढं करून नवरदेवासारखा बसला होता. ते बघून शकुबाई स्वयंपाकघरात निघून गेली.

नंतर कुणीतरी त्याला बागेतल्या हास्य क्लबात नेलं. सकाळी सहाला वीस-पंचवीस माणसं हात वर करून मोठ्यानं हसायची. दुधाची पिशवी आणायला गेली असताना शकुबाईला तो दिसला. पॅन्ट घातलेल्या रिटायर माणसांच्या घोळक्यात हा एकटा पायजमा-सदऱ्यात, दोन्ही हात आभाळाकडे, तोंड उघडलेलं, आणि चेहरा रडकुंडीला आलेला. ती रस्ता बदलून घरी आली.

तिचा राग नुसत्या लाजेचा नव्हता. तिला स्वतःला अकरा वर्षं धड झोप नव्हती.

ही गोष्ट घरात कुणाला सांगावी असं तिला कधी वाटलं नव्हतं. रात्री एकच्या सुमाराला तिचे डोळे आपोआप उघडायचे. मग ती उठून स्वयंपाकघरातल्या खिडकीशी जायची, जाळीला नाक लावून हवेचा वास घ्यायची, दाराची कडी बघायची, झोपलेल्या दोघांच्या नाकाशी हात धरून बघायची आणि पडायची. अर्ध्या तासानं परत तेच. पहाटेपर्यंत चार-पाच खेपा. अगदीच पडवेना तेव्हा तांदूळ निवडायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची, शेंगदाणे सोलायची. पाच वाजता नळाला पाणी आलं की दिवस सुरू. दुपारी भिंतीला टेकून वीस मिनिटं डोळे मिटले तर मिटले. कुणी तिला जायफळ आणलं नाही. तिनं मागितलंही नाही. आणि तिच्या बाजूला अकरा वर्षं हा माणूस घोरत पडला होता.

तीन आठवड्यांत हा मोडतो! याला काय म्हणायचं!

शेवटी सुनयनानंच कॉलेजातल्या मैत्रिणीकडून वाशीच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव आणलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस कापलेले, समोर बसलेल्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालायच्या नाहीत. त्यांचा तोच गुण शकुबाईला खटकला. डॉक्टरनं कसं, मनगट धरावं, जीभ बघावी, सुई टोचावी. ही बाई पाऊण तास नुसती ऐकत बसली आणि बाबासो बोलत सुटला. गावाकडच्या भावाची भांडणं, सुनयनाचं लग्न, गुडघा, सगळं.

"काका, हा शरीराचा आजार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काळजीनं झोप उडते, आणि झोप उडाली की आज तरी येईल का याची आणखी काळजी लागते. आठ दिवसांच्या गोळ्या देते, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. दुपारची झोप बंद. रात्री अर्धा तास झोप आली नाही तर अंथरुणात तळमळायचं नाही, उठून दुसरीकडे बसायचं. आणि रोज संध्याकाळी सहा वाजता, जी काही काळजी असेल ती सगळी वहीत लिहायची आणि वही मिटून ठेवायची."

"मला सहीपुरतं येतं," बाबासो म्हणाला.

"मग तुम्ही सांगा, काकू लिहून घेतील. काकूंना येतं ना?"

शकुबाई सातवी झाली होती. तिनं मान हलवली.

"आणि काकू, तुमची झोप कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय," शकुबाई म्हणाली आणि पिशवी उचलून उभी राहिली. जिना उतरताना ती सुनयनाला म्हणाली, "वहीत लिहून झोप येती म्हनं. मास्तर समदे गाढ झोपत असत्याल मग."

तरी ती लिहायला बसली. नाही म्हणायची सोय नव्हती, पोरीनं जुनी वही काढून पेन हातात दिलं होतं. बाबासो भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगायचा. तो सांगायचा ते पाच मिनिटं आणि ती लिहायची ते दोन शब्द.

"ल्ही. दादाला मी परवा लई टाकून बोललो. त्याच्या मनाला लागलं आसंल. पुना गावाकडं गेल्यावर त्येच्या डोळ्याला डोळा कसा देऊ."

शकुबाईनं लिहिलं : दादा.

"ल्हिलंस?"

"ल्हिलं."

"एवढ्यात?"

"माजं हस्ताक्षर बारीक हाय."

सुनयनाच्या लग्नाची काळजी तिनं सलग तीन दिवस ऐकली आणि चौथ्या दिवशी 'वरीलप्रमाणे' असं लिहून मोकळी झाली. गावाकडच्या विहिरीला तडा गेलाय म्हणे. ज्या विहिरीचं पाणी यानं दहा वर्षांत प्यायलं नव्हतं, तिच्या तड्यानं याची झोप उडते! असल्या काळज्या म्हणजे खाऊन-पिऊन सुखी माणसाचे चोचले, असं तिचं ठाम मत झालं होतं. पेनचं टोपण लावताना ती इतका मोठा आवाज करायची की बाबासो दचकायचा.

आठव्या दिवशी तो काहीच बोलेना. सहाचे सव्वासहा झाले.

"संपल्या व्हय काळज्या?" शकुबाई म्हणाली. "मग मी भाकरी टाकते."

"फळी," बाबासो म्हणाला.

"काय?"

"ट्रकातनं गाळ्यात उतरायला फळी लावत्यात नव्हं, ती. महिन्यामागं त्या फळीवर माजा पाय लटपटला. गोनी पडली. कांदं समद्या गाळ्यात गडगडलं. पोरं हसली, मीबी हसलो. पन तवापासनं रोज सकाळी फळीवर पाय ठिवायच्या आदी दोनदा खाली बगतो. रातीला डोळं मिटलं की फळीच दिसती. निजायला भ्या वाटतं. सकाळ झाली की जायचं हाय न्हवं तितं." तो डोळे न उघडता बोलत होता. "शकू, माज्या गोनीखाली उद्या येकादा पोरगा सापडला तर?"

शकुबाईनं लिहायला घेतलं, 'फळी' एवढं लिहिलं आणि तिचा हात थांबला. हा माणूस महिनाभर दादा, विहीर आणि गुडघा सांगत बसला होता आणि खरी गोष्ट पोटात ठेवून फळीवर चढत होता. मूर्ख. अगदी मूर्ख. पण मूर्ख म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

"आजचं एवढंच," ती म्हणाली आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी बाबासो अंघोळीला गेल्यावर तिनं पायांत चपला अडकवल्या आणि थेट तुर्भ्याला गेली. बाबासोच्या टोळीचा मुकादम कृष्णात हा त्याचाच चुलत पुतण्या. बाईमाणूस गाळ्याशी आलेलं बघून तो गडबडीनं पुढं आला.

"काकी? काय झालं?"

"काय होतंय? तुज्या काकाला फळीवरनं उतरव. गोन्यांची तोंडं शिवायला बशीव, न्हायतर काट्यावर वजन बघायला. कायबी कर."

"काका ऐकायचा न्हाय. त्येला कमीपना वाटंल."

"त्येला म्हन, नवी पोरं तोंडं नीट शिवत न्हाईत, माल सांडतोय, जुना जानता मानूस पायजे. आनि मी आले होते हे त्येला कळलं तर क्रिश्ना, तुजी मुंडी मुरगाळीन."

कृष्णातनं तसंच केलं. बाबासो आधी दोन दिवस धुसफुसला, शिवणकाम करायला मी काय शिंपी हाय का म्हणाला. तिसऱ्या दिवशी पोरांना सुतळीची गाठ कशी मारायची ते कौतुकानं शिकवत होता, असं कृष्णातनं सांगितलं. आणि पंधरवड्यात बाबासोचं घोरणं परत आलं. सगळ्या रात्री नाही, पण आलं. मालतीबाईंनी ते जायफळाच्या खात्यावर जमा केलं. शकुबाईनं त्यांना तेवढं सुख घेऊ दिलं.

त्याच सुमाराला एका रात्री बाबासोला पुन्हा जाग आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे तो तळमळला नाही, उठून दुसरीकडे बसायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. तर तिथं अंधारात शकुबाई खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी.

"काय करतीस?"

"पानी प्यायला उठले."

"मग भांडं कुटं हाय?"

"प्याले आनि ठिवलं. तुमी जावा, निजा."

तो जाऊन पडला. पण झोपला नाही. अर्ध्या तासानं ती उठल्याचं त्यानं ऐकलं. नंतर पुन्हा एकदा. आपल्या नाकासमोर तिचा हात आल्याचं त्याला कळलं, तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. सकाळी त्यानं सुनयनाला जिन्यात गाठून विचारलं, "तुजी आई रोज रातीची उठती?"

"तुम्हाला माहीत नाही?" सुनयना म्हणाली. "मला आठवतंय तेव्हापासून उठते."

त्या संध्याकाळी सहा वाजता बाबासोनं स्वतः वही आणली आणि शकुबाईसमोर ठेवली.

"आज तू सांग."

"आनि लिवनार कोन? तुमी?"

"सुनयना लिवंल."

"पोरीपुडं न्हाय. आनि मला काय बी काळजी न्हाय. मला सैपाक हाय."

"रातचं खिडकीत काय हुंगतीस, शकू?"

शकुबाई उठली होती, ती परत बसली. सुनयना आपणहून बाहेर गेली.

"तुमाला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी तर परत्येक लग्नात सांगता."

मग बाबासोच्या ध्यानात आलं.

अकरा वर्षांपूर्वी ते तुर्भ्याला कारखान्यांच्या मागच्या झोपड्यांत राहत होते. एका रात्री कुठल्याशा कंपनीतून वायू सुटला. भोपाळला होऊन वर्षच झालं होतं, त्यामुळे पहिली ओरड झाली तशी सगळी वस्ती अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. ती रात्र बाबासो हळदीच्या मांडवात हमखास सांगायचा. "सपनात रायगडावर व्हतो. आनि आमच्या हिनं काय करावं? थंड पान्याची कळशी तोंडावर वतली! मला वाटलं मी मेलो. म्हनलं, मड्याला आंगूळ घालत्यात ती हीच." मांडव हसून लोळायचा. शकुबाई आजवर तिथून उठून जायची.

"तुमी हसून सांगता," ती म्हणाली. "मी हाका मारल्या. पाठीत बुक्क्या मारल्या. पायाला धरून वढलं. एवढं मोटं धूड माज्यानं हालंना. डोळ्यांतनं पानी, घशात आग, पोरगी खोकून खोकून निळी झालेली. मग मी ठरीवलं, पोरीला घ्यायचं आनि जायचं. तुमाला तितंच टाकायचं. उंबऱ्याभाईर गेलेबी हुते. भाईर गेल्यावर कळशी दिसली."

बाबासोनं वही जवळ ओढली.

"कळशी भरलेली नसती तर?" ती म्हणाली. "सांजचं ती भरून ठिवायला मला कंटाळा आला हुता. आसंच भरली. तवापासनं मला निजायला येत न्हाय. घरातल्या येकानं तरी जागं ऱ्हायाला पायजे. तुमी ऱ्हानार न्हाई हे बगितलंच हुतं."

तिच्या आवाजात रडं नव्हतं. बाजारात नासका कांदा बाजूला फेकताना असतो, तसा आवाज होता. बाबासोला तो जास्त लागला. तो वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"मला टाकून गेली असतीस तरी तुजं चुकलं नसतं," तो शेवटी म्हणाला.

"ते मला ठावं हाय."

"आजपासनं निम्मी रात माजी. दोनपत्तुर मी बसतो. तू नीज."

शकुबाई हसली. त्यात माया नावालाही नव्हती. "तुमी? तुमी राखनार? तंबाकूनं मेलेलं तुमचं नाक! घर पेटलं तर धूर हुंगायच्या आधी कोळसा व्हशीला."

"वास आला न्हाय तरी तुला उठवंन. दर घटकंला."

"मग निजायचं कशापायी?"

पण रात्री तो खरंच खुर्ची ओढून खिडकीशी बसला. शकुबाई अंथरुणावर पडली ती झोपायला नव्हे, त्याला पकडायला. आता याची मान कलंडेल, आता घोरायला लागेल, आणि मग उठून याला असं काही बोलायचं की जन्मभर आठवण राहिली पाहिजे. ती शब्द जुळवत राहिली. खुर्ची करकरली. तो खाकरला. हलक्या आवाजात कसलासा अभंग गुणगुणला, बेसूर. एक वाजून गेला असावा. दूर ठाणे-बेलापूर रोडवर ट्रक चालले होते. तिनं कान टवकारले होते, याचं घोरणं ऐकायला.

जागी झाली तेव्हा शेजारी दूधवाल्याची घंटी वाजत होती आणि खिडकीत उजेड होता.

ती ताडकन उठली. सहा वाजले होते. नळाचं पाणी येऊन गेलं होतं. बाबासो खिडकीच्या जाळीला कपाळ टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. कधीपासून, देव जाणे. म्हणजे रात्रीत कितीतरी तास या घरात एकही माणूस जागं नव्हतं. ती सुनयनाच्या नाकाशी हात धरून आली. मग तिनं बाबासोच्या खांद्याला गदागदा हलवलं.

"ही राखन व्हय तुमची? ही? आकरा वरसं मी येक रात सोडली न्हाय आनि तुमी पयल्याच राती..."

बाबासो दचकून उठला. कपाळावर जाळीच्या चौकोनांचा ठसा उमटला होता. तिनं सगळं ऐकवलं, त्याच्या झोपेपासून त्याच्या बापाच्या झोपेपर्यंत. तो ऐकत राहिला. तिचा दम संपल्यावर म्हणाला, "वास आला का?"

"न्हाय."

"पोरगी हाय न्हवं?"

"हाय."

"आनि तू किती वाजता उटलीस?"

शकुबाई चहा टाकायला वळली. तिला एवढा राग आला होता की चहात साखर दोनदा पडली. तरीपण हात हलके चालत होते आणि डोक्यात रोज सकाळी जो दगड असायचा तो नव्हता. ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती एकटी वाशीला गेली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली की नवऱ्याच्या गोळ्या संपल्यात. मग उठेना. डॉक्टरीणबाईंनी वाट बघितली. अर्ध्या तासानं शकुबाईनं सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "खिडकीशी जायचं ते एकदम बंद नका करू. चार वेळा जाता ना? आधी तीन करा. महिन्यानं दोन. उठावंसं वाटलं तर थोडं थांबा, मग बघा काय होतं ते."

"बास? येवडंच?"

"एवढंच. पण सोपं नाही."

"एवढ्याला इतकं शिकावं लागतं व्हय," शकुबाई म्हणाली. फी दिली आणि बाहेर पडली.

पावसाळा लागेपर्यंत चारच्या दोन खेपा झाल्या. काही रात्री वारा कारखान्यांच्या बाजूनं वाहायचा, तेव्हा पुन्हा चार व्हायच्या, पाचही. त्या रात्री बाबासो उठून खुर्चीत येऊन बसायचा आणि दहा मिनिटांत पेंगायचा. शकुबाई त्याला हाताला धरून उठवायची, भलभलतं बोलायची, नेऊन अंथरुणावर लोटायची. आणि त्याचं घोरणं लागलं की बहुतेक वेळा तीही त्याच्या पाठोपाठ झोपून जायची.